बिनचुलीची खिरापत

माझ्या लहानपणी डोंबिवलीत सुट्टी शाळेच्या घंटेने सुरू होत नसे, ती शिट्टीने सुरू होई. शाळा सुटून दप्तरं खुंटीला लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीतून कान फाडणारी एक लांबलचक शिट्टी यायची. मग चाळीतली झाडून सारी पोरं, कुणी तोंडात राखुंडी घेऊन, कुणी सदऱ्याचा एकच हात घालून, तिकडे धावत सुटायची. मागून आया ओरडत राहायच्या, अरे दूध तरी पिऊन जा. कोण ऐकतो? गाडी सुटत होती.

शिट्टी वाजवणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. मालगाडीचे गार्ड. हे 'मालगाडीचे' ते इतक्या ठासून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, ही काही पदवी आहे. पॅसेंजरचा गार्ड त्यांच्या हिशेबी गार्डच नव्हता. फलाटावरच्या कुंड्यांसारखा तो शोभेला ठेवलेला. खरा गार्ड मालगाडीचा, कारण त्याच्यापुढे वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, लांबच लांब रांग, मागे नुसते रूळ, आणि बोलायला कंदिलाखेरीज कुणी नाही. आमच्या चाळीतली शेवटची खोली त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. मधल्या डब्यात झोप येत नाही, म्हणत.

उंच, वाळलेले, नाकाखाली झाडणीसारखी मिशी. खाली धोतर, आणि वर रेल्वेचा जुना पांढरा कोट. त्याची पितळी बटणं ते रोज सकाळी चिंचेने घासून लखलखीत करत आणि घासून उरलेली चिंच फेकून देत नसत. तिचं ते पुढे काय करत हे कळल्यावर चाळीतल्या दोन बायकांनी आपल्या पोरांना घरात कोंडून ठेवलं होतं. पण ती नुसती वदंता होती. मी स्वतः विचारलं, तेव्हा त्यांनी मला कोटाच्या बटणाकडे बोट दाखवून सांगितलं की बटणाची चिंच वेगळी, पोरांची चिंच वेगळी, आणि दोन्हींच्या बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्या खरोखर होत्या. त्या अधूनमधून गळून पडत, एवढंच.

सगळी पोरं त्यांना गार्डमामा म्हणत. बायका समोर गार्डसाहेब म्हणत, मागे काय म्हणत ते इथे लिहिण्याची गरज नाही.

तर हे गार्डमामा सुट्टीच्या दिवसांत आम्हां पोरांकडून खाऊ करवून घेत. करून देत नव्हते, करवून घेत. दिवाळी, संक्रांत, गोकुळाष्टमी, उन्हाळ्याची सुट्टी, जे निमित्त मिळेल ते. त्यांचे कायदे कडक होते: विस्तव नाही, सुरी नाही, आणि आई नाही. एखादी आई नुसती डोकावली तरी तांबडं निशाण वर जाई आणि काम बंद पडे. निशाणं खरीच होती, नोकरीतली. शिट्टी झाली की हात धुवायचे. मग हात नाकाशी धरून मामा एकेकाचा वास घेत. साबणाचा वास आला तर परत पाठवत, कारण लाडवाला साबण लागतो. मातीचा वास आला तरी परत. कशाचाच वास आला नाही की म्हणत, "लाइन क्लिअर." हिरवं निशाण हललं की परातीत हात घालायचे, तांबडं दिसलं की सगळ्यांचे हात एकदम बाहेर. त्या परातीसमोर आम्ही जी शिस्त पाळली, ती पुढे कुठल्याही शाळेत, सासरी किंवा कचेरीत माझ्याकडून पाळली गेली नाही.

बिनविस्तवाचं हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते नोकरीत. मालगाडी एखाद्या आडबाजूच्या यार्डात उभी केली की कधी हलेल याचा भरवसा नाही, आणि हलत्या डब्यात चूल मांडायची सोय नाही. जन्मभर त्यांनी भिजवलेले पोहे, दाणे-गूळ, केळं, खोबरं, ताक यांवर भागवलं. दुसरा एखादा माणूस निवृत्त झाल्यावर असल्या जिन्नसांचं तोंडही बघणार नाही. ह्यांनी त्याचं शास्त्र केलं. त्यांचं म्हणणं, स्वयंपाक मुळात हाताचा आहे, विस्तव नंतर आला आणि त्याने सगळा मोठेपणा आपल्याकडे घेतला. आणि हाताचा स्वयंपाक लहान पोराइतका कुणाला जमत नाही, कारण मोठं माणूस जिन्नसाला भीत भीत शिवतं.

काय काय केलं आम्ही! चिंच, गूळ, मीठ, जिरं एकत्र कुटून त्याच्या गोळ्या करायच्या, धुतलेल्या नव्या खराट्याच्या काड्यांना टोचायच्या आणि दिवसभर चोखत हिंडायचं. दाणे खलबत्त्यात कुटायचे, गूळ घालून परत कुटायचे, तेल सुटलं की लाडू वळायचे. पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडून, वर जड पाट ठेवून, पाटावर सर्वांत लठ्ठ पोराला बसवायचं, म्हणजे पोहे छान दडपतात. हा मान नेहमी माझा धाकटा भाऊ बंड्या याला मिळे. शिळ्या पोळीवर साय-साखर पसरून तिची गुंडाळी करायची; हिला मामा 'पार्सल' म्हणत. साध्या साध्या गोष्टी सगळ्या. पण लाडवाला एक अट होती. प्रत्येकाने आपल्या मुठीचा लाडू वळायचा आणि तोच खायचा. कुणाचा बोराएवढा, कुणाचा पेरूएवढा, बंड्याचा तर पायलीचं भांडं उपडं घातल्यासारखा. तक्रार करायला जागाच नाही, मूठ ज्याची त्याची. आणि तो गोल झालाच पाहिजे असाही आग्रह नाही. "लाडवाला कुठे गडगडत जायचंय?" असं ते विचारत.

बेदाण्यांवर मात्र त्यांचा राग होता. का, ते कुणालाच कळलं नाही. परातीत एक जरी बेदाणा सापडला तरी तो चिमटीत धरून उचलत, ओट्याच्या कडेपर्यंत नेत आणि मुंजीतल्या आगाऊ पाहुण्याला वाटेला लावावं तसा बाहेर सोडून येत. कौतुकाच्या बाबतीत तर कंजूषपणाची कमाल. खाऊ उत्तम झाला की म्हणत, "चालेल." बरा झाला की काहीच बोलत नसत. बिघडला की खिशातलं घड्याळ काढून बघत. आणि चव घेताना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पोरांनी चव घेणाऱ्याचा चेहरा पाहू नये, नाहीतर ती जिभेवर विश्वास ठेवायचं सोडून चेहऱ्यावर ठेवायला लागतात, असं त्याचं कारण.

त्यांची एकच मोहीम साफ फसली, आणि ती मी आजतागायत रंगवून सांगते. एका दिवाळीला त्यांनी ठरवलं की चुरमुऱ्याचे लाडू करायचे. आता हे लाडू गुळाच्या गरम पाकाशिवाय होत नाहीत हे चाळीतल्या मांजरालाही माहीत होतं. मामा म्हणाले, विस्तव नको, सूर्य आहे. आश्विनातल्या उन्हात त्यांनी गुळाची ढेप संडासाच्या पत्र्यावर ठेवली. (शेजारच्या, नव्या संडासाच्या, तो तेव्हा सुरू झालेला नव्हता. हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.) दुपारपर्यंत गूळ वितळला खरा, पण तो पत्र्याच्या पन्हळीतून वाहत खाली आला, आणि त्याच्याबरोबर आसपासच्या चार चाळींतल्या मुंग्या. तेवढ्यातूनही मामांनी जमेल तेवढा गूळ ओंजळीने वाचवला, चुरमुऱ्यांत कालवला, आणि आम्ही लाडू वळले. ताटात ठेवल्याबरोबर एकेक लाडू सुस्कारा सोडल्यासारखा खाली बसला. मामांनी घड्याळ काढून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "गाडी रुळावरून उतरलेली आहे. कुणी घाबरायचं नाही. जागेवर जे आहे ते चमच्याने खा."

त्या संध्याकाळी माझी आई त्यांच्या ओट्याशी गेली आणि म्हणाली की पोरांनी मुंग्या खाल्ल्या. मामा म्हणाले, "काळ्या होत्या, वहिनी. तांबड्या असत्या तर मीच निशाण दाखवलं असतं."

आईचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. आईच्या हाताला चव होती आणि तिला ते माहीत होतं. चाळीत कुणाकडे डोहाळजेवण असो की मुंज, पुरणाचा अंदाज आईचा. तिला ह्या बाप्यामाणसाने पोरं जमवून परातीशी बसावं हे आवडत नसे, आणि मुलींबरोबर मुलगेही बसतात हे तर मुळीच नाही. ह्यांना चूल पेटवता येत नाही एवढाच सगळ्या शास्त्राचा अर्थ, असं ती म्हणायची. मी एकदा हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते हसले. मग मीच धीर करून विचारलं, तुमच्या घरी मुलं का नाहीत? दाणे सोलता सोलता ते म्हणाले, "माझ्या सगळ्या दिवाळ्या यार्डात गेल्या. सणाच्या दिवशी मी कधी घरी नव्हतो. मग घरानेही वाट बघायचं सोडलं." आणि पुढच्याच दमात, हा दाणा खवट आहे, टाक तो, म्हणून माझ्यावर खेकसले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं पाल्हाळ लावलं तिच्याकडे येते.

आमच्या चाळीत नवरात्रात भोंडला असे. रोज एकेका मुलीच्या दारात पाट मांडायचा, पाटावर खडूने हत्ती काढायचा, आणि आम्ही पोरींनी हात धरून भोवती फेर धरून गाणी म्हणायची. शेवटी त्या घरची खिरापत. ही झाकल्या डब्यात असे आणि ती ओळखायची. डबा हलवून बघायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं. आमच्याकडे रिवाज असा की आयांनीही ओळखायची. जिने ओळखली तिच्या हातात डबा जाई आणि तीच सगळ्यांना खिरापत वाटत असे. कुणालाच जमलं नाही तर सगळ्यांनी हरलो म्हणायचं, आणि मग ज्या मुलीचं घर तिने आपल्या हाताने प्रत्येकीच्या हातावर खिरापत ठेवायची, आणि ती तिथल्या तिथे खायची. पण ही वेळ आमच्या चाळीत क्वचितच येई, कारण माझी आई. डबा नुसता हातात घेऊन वजनावरून ती वाटली डाळ आणि खमंग काकडी यांतला फरक सांगायची. बाकीच्या बायका तिच्या आधी घाईघाईने ओळखून घ्यायला बघत.

त्या वर्षी सातवी माळ मंजूची होती. मंजू माझ्याच वर्गातली, आमच्यापासून दोन दारं टाकून राहणारी. श्रावणात तिची आई आजारी पडली आणि तिला छातीच्या दवाखान्यात, दूर कुठेतरी डोंगरावर, नेऊन ठेवलं होतं. आजाराचं नाव चाळीत कुणी मोठ्याने घेत नसे. मंजूला आणि तिच्या वडिलांना डॉक्टरांनी तपासून, काही नाही, असा निर्वाळा दिला होता. पण डॉक्टर सांगतात ते दवाखान्यात. चाळीत बायका काय म्हणतात ते खरं. मंजूच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. मंजू आमच्याकडे आली की आई तिच्याशी मायेने बोले, खायलाही देई, पण तिचा कप वेगळा ठेवी. मंजूला हे कळत होतं. तो कप धुऊन ती स्वतःच कोनाड्यात परत ठेवायची.

तिसऱ्या माळेला विहिरीवर बायकांचं ठरलं की सातवी माळ आमच्या दारात करायची. कारण काय, तर बिचाऱ्या पोरीवर कशाला भार. सगळ्यांनी हेच शब्द वापरले, एकमेकींच्या तोंडाकडे न बघता. मी हे मंजूला सांगितलं नाही, पण तिला कुणीतरी सांगितलंच. त्या दिवशी फेर धरताना तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गार्डमामांनी शिट्टी न वाजवता आम्हां पोरींना बोलावलं. म्हणाले, खिरापत कुणाची? आम्ही म्हटलं, मंजूची. करणार कोण? मग त्यांनी एकेकीला काम दिलं. प्रत्येकीने घरून एक मूठ जिन्नस आणायचा, कशाला ते सांगायचं नाही, पण चोरायचाही नाही. आईकडे मागायचा, तिने आपल्या हाताने दिला पाहिजे. मला दाणे. दुसरीला गूळ, तिसरीला वेलची, कुणाला राजगिऱ्याच्या लाह्या, कुणाला नारळाची वाटी. केळी आणि केळीची पानं ते स्वतः मागच्या गावातल्या एका आगरी आजींकडून आणणार होते. बेदाणे कुणी आणायचे नाहीत, हे मुद्दाम सांगितलं.

मग कोटाची बटणं लावून ते विहिरीवर गेले. बायकांच्या विहिरीवर कुणी पुरुष असा आलेला मी पाहिला नव्हता. सगळ्या पदर सावरून बाजूला झाल्या. मामा सरळ आईपाशी जाऊन उभे राहिले.

"वहिनी, सातव्या माळेची खिरापत पोरी करताहेत. तुम्हांला ओळखता येणार नाही."

आईने बादली खाली ठेवली. "तुमच्या त्या बिनचुलीच्या प्रकारांतलं काहीतरी असेल. डबा हातात आला की सांगते."

"पैज?"

"पैज कशाला. सांगते म्हटलं ना."

"ठीक. मंजूच्या दारात. सातवी माळ तिचीच आहे."

बाकीच्या बायका दोरीकडे, आभाळाकडे, कुठेकुठे बघत राहिल्या. मामाही हलेनात. शेवटी आई म्हणाली, "येईन." एवढं म्हणून तिने बादली उचलली, आणि ती अर्धीच भरली होती हे तिच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

सातव्या माळेला दुपारी मंजूच्या ओट्यावर परात मांडली. मंजू मध्ये, आम्ही भोवती. दाण्यांचा कूट झाला, गूळ चिरडला, केळी कुस्करली, मामांनी नारळ खवून दिला. शेवटी राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या. त्या इतक्या हलक्या की मंजूने हात हलवला की उडायच्या, नाकावर, केसांत, पापण्यांवर. मंजू हसायला लागली. गेल्या कित्येक दिवसांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मामांनी मुठीचा नियम मोडला. सगळे लाडू एकट्या मंजूने वळायचे, तिच्या मुठीचे. प्रत्येक लाडू केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधला, म्हणजे डबा हलवला तरी आवाज नाही. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. वळले तेव्हा काही बोलले नाहीत, घड्याळही काढलं नाही.

मी घरी आले. आई माझी वेणी घालायला बसली. बट मोकळी करता करता तिचा हात थांबला. मी मान वळवून पाहिलं, तर तिच्या बोटावर राजगिऱ्याची एक लाही. तिने ती पाहिली, माझ्या कानाशी वाकून एकदा वास घेतला, केळ्याचा वास माझ्या अंगाला चांगलाच लागला असणार, आणि सकाळी मागून नेलेले दाणे तिला आठवले नसतील असं कसं होईल? तिने लाही झटकली आणि वेणी घालत राहिली. सगळं संपलं. आई डबा हातात घेणार, नाव सांगणार, डबा तिच्याकडे जाणार, आणि मंजूने आपल्या हाताने कुणालाच काही द्यायचं उरणार नाही. बायका तर मग, घरी जाऊन खाते, म्हणून पानातली पुडी तशीच घेऊन जातील आणि वाटेत कुंपणापलीकडे टाकतील.

फेर झाला. गाणी झाली. मंजू डबा घेऊन आली. बायका थोडं अंतर राखून उभ्या होत्या. कुणी म्हणालं वड्या, कुणी म्हणालं शिरा. कुणी डबा हलवला, आत कापूस असावा तसा गप्प. कुणी कान लावला, कुणी नुसतंच लांबून बोलली. मंजू प्रत्येकीला नाही म्हणत होती, आणि दर 'नाही'ला तिचा आवाज थोडा मोठा होत होता. समोरच्या काकूंनी, ज्यांनी विहिरीवर 'भार' हा शब्द पहिल्यांदा काढला होता, डब्याला हात न लावताच सांगून टाकलं की आमच्याच्याने नाही बाई होणार.

मग डबा आईच्या हातात आला. सगळ्या थांबल्या. आईने तो तळहातावर तोलला. तिने मंजूकडे पाहिलं, मग ओट्याच्या टोकाला, आपल्या दारात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मामांकडे.

"साटोऱ्या?" आई म्हणाली.

मंजू म्हणाली, "नाही."

"मग चकल्या असतील."

एवढ्या जड, एवढ्या मुक्या डब्यात चकल्या. बंड्या मागे फिसकन हसला. आईने डबा मंजूच्या हातात परत दिला. "हरलो बाई आम्ही. सांग आता, काय केलंस?"

मंजूने झाकण काढलं. पहिली पुडी तिने आईपुढे धरली. आईने दोरा सोडला, पान उघडलं, आणि उभ्याउभ्याच अर्धा लाडू तोंडात घातला. बाकीच्या बघत राहिल्या. मंजू दुसरी पुडी घेऊन समोरच्या काकूंपाशी गेली. काकू मागे सरल्या आणि म्हणाल्या की त्यांना नवरात्राचे उपास आहेत, नऊ दिवसांचे, दुसऱ्या कुणाला दे.

"उपासाचंच आहे, काकू," मंजू म्हणाली. "राजगिरा, दाणे, गूळ, खोबरं, केळं. आणि वेलची तुमचीच आहे. सकाळी तुमच्या सुमीकडे दिलीत ना तुम्ही?"

काकूंनी आपल्या सुमीकडे पाहिलं. सुमी खाली बघत होती. मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एकेकीच्या चेहऱ्यावर हळूहळू आपापली मूठ उमटत गेली. गूळ कुणाचा, नारळ कुणाचा, लाह्या कुणाच्या. आपल्याच घरून गेलेला जिन्नस नको म्हणायचा कसा? काकूंनी पुडी घेतली. खाल्ली. आई त्यांच्याकडे बघत होती म्हणून, नाहीतर त्यांनी ती पदराखाली घातली असती, ह्याची मला खात्री आहे. काकूंनंतर सगळ्यांनीच खाल्ली. कुणीतरी म्हणालं, छान झालंय गं. कुणीतरी दुसरी मागितली.

मी धावत मामांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. आईला लाही सापडली होती, तिला कळलं होतं, तरी ती चकल्या म्हणाली, हेसुद्धा. मामा कंदिलाची काच पुसत होते. पुसतच राहिले.

"वेलची जास्त झाली, असं कुणी म्हणालं?"

मी म्हटलं, नाही.

"जास्त झाली होती," ते म्हणाले, आणि काच उलटीच बसवली. मग ती काढून परत बसवायला त्यांना बराच वेळ लागला, म्हणून मी परत आले.

मंजूच्या ओट्यावर आता आई आणि ती दोघीच होत्या. आई केळीची पानं गोळा करत होती. मंजूने रिकामा डबा छातीशी धरला होता. तिने विचारलं, "काकू, खरंच ओळखलं नाहीत?"

माझी आई खोटं बोलत नसे. वडील घरात असताना 'ते घरी नाहीत' असं दारावरच्या माणसाला सांगायलाही तिने एकदा नकार दिला होता, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तिने पानांची मोळी बांधली, पदराला हात पुसला.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझी आई येईल ना, तिला सांग. सगळ्या हरल्या म्हणावं."

मंजूने मान हलवली आणि डबा घासायला विहिरीकडे निघाली. जाताना ती भोंडल्याचं गाणं म्हणत होती, पार बेसूर, आणि चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.